बबिताच्या चार तारा

आमच्या दिग्रसच्या गल्लीत ब्लाऊज शिवणारी बबिता राठोड युकुलेले वाजवते. युकुलेले म्हणजे गिटारचं पिल्लू, चार तारांचं. तिच्या लेकीनं हौसेनं पुण्याहून आणलं आणि कपाटावर टाकून दिलं. बबितानं ते खाली काढून पुसलं, मोबाइलवर पाहून दोन-चार कॉर्ड शिकली आणि गेल्या श्रावणात माहेरच्या बंजारा तांड्यावर तीजेला घेऊन गेली. मलाही सोबत नेलं.

तीजेत पोरी टोपलीत गहू पेरतात, बाया फेर धरून गातात. गाणं उचलते बबिताची आत्या, हंसाबाई. ती कुठल्या पट्टीत उचलेल, हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. बबिता एकच पट्टी घोटून आलेली. पहिल्याच ओळीला गाणं एकीकडे, तारा दुसरीकडे.

हंसाबाई थांबली. मलाही कळावं म्हणून गोरबोली सोडून म्हणाली, "आमचं गाणं तुह्या डब्यात मावत नाही वं. ठेव बाजूले."

बाया हसल्या. बबितानंही हसून ठेवलं. परतताना एसटीत मात्र म्हणाली, "ताई, आत्या काही बदलत नाही. मलेच तिच्या मागं जा लागते."

मग वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात तिचं सारेगम ऐकू यायचं. हूक-काजं आटोपली की ती आपल्या खिडकीत बसायची. चढायचं, उतरायचं, दांडीवरचं एक घर वर सरकून पुन्हा तेच. एकच बोट आडवं ठेवून चारही तारा दाबायच्या, तर एक तार हटकून बद्द वाजायची.

"अगं, एखादं गाणं तरी वाजव," मी एकदा वैतागून म्हटलं.

"गाणं आत्याजवळ आहे ना. मी रस्ता पाठ करून राह्यली."

यंदाच्या तीजेला हंसाबाईनं, मला वाटतं मुद्दामच, नेहमीपेक्षा उंच उचललं. पहिली ओळ बबितानं नुसती ऐकली. एक तार हळूच छेडत घरं चढत गेली आणि एका जागी थांबली. दुसऱ्या ओळीला बोट आडवं पडलं. चारही तारा स्वच्छ वाजल्या. टाळी धरायची सोडून मी शेजारच्या बाईला सांगत सुटले, ही आमच्या गल्लीतली म्हणून. तांडा तिचा, आणि सांगते कोण, तर मी.

गाणं संपलं. हंसाबाई पदरानं तोंड पुसत बबिताजवळ आली.

"दम लागला वं मले. आता तूच सांग, कोठून उचलू?"

बबितानं जराशी खालची, आत्याला सोसेल अशी पट्टी दिली.