सुरेखाच्या पोटावर दिवा राहिना

मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. उतारे, अंगारे, बुवाबाजी म्हटलं की माझं डोकंच सणकतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, तेही दिवसाढवळ्या.

मागच्या उन्हाळ्यात उमरीला धाकट्या बहिणीकडे, सुरेखाकडे गेले होते. दुसऱ्याच सकाळी तिच्या ओटीपोटात उजवीकडे कळा सुरू झाल्या. मी आपली गॅसची गोळी दिली. उतार नाही. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "बेंबी सरकली असंल. गंगामावशीला बोलवा."

गल्लीतल्या गंगामावशी बेंबी बसवून देतात. बेंबीवर पेटता दिवा ठेवायचा, त्यावर तांब्या पालथा घालायचा, मग तेल लावून पोट जोरात चोळायचं. मी नाक मुरडलं. पण बहीण तळमळत होती... म्हटलं, करा बाई काय ते लवकर!

तांब्या घालायच्या आधीच दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. पंखा बंद, दार लोटलेलं. "अहो, वात ओली असेल!" म्हणत मी चिडून नवी वात केली, स्वतः पेटवली. माझ्या हातात झकास जळत होती. पोटावर ठेवली — गेली!

मावशींनी सुरेखाचं पोट झाकलं. "न्हाई बाई, दिवा ऱ्हाईना. दिवा ऱ्हायल्याबिगर मी पोटाला हात लावत न्हाई. दवाखान्यात न्या हिला."

नांदेडला डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "अपेंडिक्स, मुतखडा, अंडाशयाची गाठ... काहीही असू शकतं. पाळी कधी आली होती?" सुरेखाला थोडं थोडं रक्त जात होतं, तीच पाळी समजून बसली होती वेडी. लघवी तपासली, मग सोनोग्राफी. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत अडकला होता. आत रक्तस्राव सुरू झालेला. लगेच ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, "पोट चोळलं असतं, तर इथवर पोचली नसती."

शुद्धीवर आल्यावर सुरेखा एवढंच म्हणाली, "ताई, लेकरू होतं व्हय गं? मला कळलंच न्हाई." दोघी खूप रडलो.

नंतर मी मावशींना खोदून खोदून विचारलं. पोट कडक लागलं होतं का? काही शंका आली होती का?

"काय बी कळालं न्हाई बाई. मी तर चोळायलाच बसले व्हते."

दिव्यातलं तेल रोजचंच होतं, वात मी केलेली. वर्ष होत आलं, मला उत्तर सापडलेलं नाही. पण दिवा राहिला असता तर... चोळताना तिनं हलू नये म्हणून तिचे दोन्ही हात घट्ट धरायला मीच उशाशी बसले होते.