बाबांचा रविवार

आमच्या चिंचवडच्या कामगार वसाहतीतली पोरं गुरुवारला ‘बाबांचा रविवार’ म्हणायची. विजेचा तुटवडा होता, म्हणून कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिले होते, आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला होता. नवरा लेथवर होता. त्याला सुट्टी गुरुवारची, त्यात वार पाळायचा म्हणून घरात मटणही नाही. मी प्राथमिक शाळेत बाई, म्हणजे माझी नि लेकीची सुट्टी रविवारी. बाकीचे दिवस त्याची शिफ्ट, घरी यायचा तोवर पोर झोपलेली. दुसरीतली पोर गुरुवारी सकाळी बापाचा सदरा धरून रडायची आणि मी, सख्खी आई, तिला ओढत शाळेत न्यायचे. काय जीव तुटायचा म्हणून सांगू!

माझं म्हणणं एवढंच होतं. शाळेतली बहुतेक मुलं कामगारांची, तर शाळेलाच गुरुवारी सुट्टी द्या, रविवारी वर्ग भरवा. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, हे वरून आलं पाहिजे.” वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आमच्या भागाचे खासदार वसाहतीत सभेला आले.

युद्ध नुकतंच संपलं होतं. खासदार शेतकरी घरातले, आवाज खणखणीत. म्हणाले, वीज आधी शेतकऱ्याच्या मोटारीला, कारखान्यांनी जरा कळ सोसावी. सैन्याच्या पैशाला कात्री लावू म्हणणाऱ्याचं मी तोंड बघणार नाही. आणि सरकारनं ऐपत बघून खर्च करावा, उसनवारीवर थाट नको. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? माझा दीर तेव्हा सरहद्दीवर होता.

मग मी उभी राहिले. “साहेब, शाळेची सुट्टी गुरुवारी करा. पोरांना बाप दिसत नाही.”

“बाई, आपला जवान वर्ष वर्ष घरी जात नाही. तुम्हाला आठवड्यातला एक दिवस जड झाला?”

सभा हसली. मागून एक म्हातारे म्हणाले, “बसा की बाई आता. सायबांस्नी लांब जायचं हाय.”

अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, माझ्या मागणीला पैसा लागत नव्हता, वीज लागत नव्हती, बंदुकीची एक गोळी लागत नव्हती! नुसता वार बदलायचा होता. काटकसरीचा एवढा पुळका, आणि फुकटातली गोष्ट देववेना? वर जवानाचं नाव पुढे करून मलाच गप्प बसवलं. दीर रजेवर आला तेव्हा त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “वहिनी, यात आमचं नाव कशाला?”

मी विचारत राहिले. दर वेळी उत्तर एकच, विचार चालू आहे. कसला मेला विचार! तेवढ्या विचारात धरण बांधून झालं असतं. मधे साहेब एकदा पडले, पुन्हा निवडूनही आले. इकडे पोर मोठी होत गेली. ती आठवीत असताना माझ्या लक्षात आलं, बापाशी ती माझ्यामार्फतच बोलते. “आई, बाबांना सांग, सहलीचे पैसे हवेत.” बाप समोर जेवत बसलेला असला तरी हेच. तोही मान खाली घालून मलाच सांगायचा, “तिला दे.”

दहा-अकरा वर्षांनी शाळेच्या पटांगणात पुन्हा सभा झाली. खासदारांनी जाहीर केलं, कामगारांच्या मुलांसाठी येत्या महिन्यापासून शाळेला गुरुवारी सुट्टी, आपण स्वतः पाठपुरावा केला. मुख्याध्यापकांनी कौतुकानं हार माझ्या हातात दिला. “मागणी बाईंचीच.”

मी म्हटलं, “साहेब, जिच्यासाठी मागितलं, तिचं या उन्हाळ्यात लग्न झालं.”

“वा! मग नातवंडांच्या उपयोगी पडेल की!” साहेब मोठ्यानं हसले.

हार मी टेबलावर ठेवला. कोणी काही म्हणो. त्यांच्या गळ्यात घालायला माझे हात वर गेले नसते. तशीच घरी आले, कुलूप काढलं. रविवार होता, नवरा कामावर गेला होता. बिछान्यावर लेकीचं सासरहून काल आलेलं पत्र पडलं होतं. तिनं शेवटी लिहिलं होतं, बाबांना नमस्कार सांग.