जीपमधून गृहभेट

"हितं कुणी आजारी न्हाय. पुढचं घर बघा," म्हणत आक्कांनी आमच्या तोंडावर दार लावलं. मागच्याच आठवड्यात याच आक्का माझ्या विद्यार्थिनीला, मंगलला, हात धरून आत घेऊन गेल्या होत्या.

इन्स्पेक्शनला आलेले साहेब माझ्याकडे वळले. "बाई, पेशंटच नाही, तर हिचं ट्रेनिंग कसलं? आणि स्टायपेंड कसला?"

मंगल जेऊरची. स्टायपेंड थांबला की वडील तिला गावी परत नेणार, हे ठरलेलं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका दवाखान्यात मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर होते. म्हणजे मनाच्या आजाराचा पेशंट घरी गेल्यावर गोळ्या घेतो का, घरचे त्याच्याशी बोलतात का, हे बघणारी बाई. हेच काम मी मुलींना शिकवायची. पैसे सरकारचे, म्हणून तपासणीही सरकारची. त्याला माझी ना नव्हती. पण गृहभेटीला आम्ही साध्या साडीत, पायी जायचो. गल्लीला वाटायचं, नात्यातलीच कुणी आलीय. हे वर्गात घसा फोडून सांगणारी मीच. आणि साहेबांनी जीप काढल्यावर पुढच्या सीटवर टुणकन बसणारीही मीच! वर गॉगल. मागे फाइल सांभाळत बसलेला शिपाई. विणकरांच्या त्या अरुंद बोळात ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तेव्हा काय ऐट वाटली होती मला!

आता दारात उभी राहून मी साहेबांना इंग्रजीतून कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी समजावू लागले.

"हे कोणत्या जी.आर.मध्ये आहे?" त्यांनी विचारलं.

शेवटी मंगलच म्हणाली, "सायेब, उद्या चालत येता का? आक्कांना मी आधी इचारते. पर शिपाई नगं, फाइल बी नगं."

दुसऱ्या दिवशी साहेब पायी आले, कपाळाला आठ्या घालून. आक्कांनी दार उघडलं आणि माझ्यावरच घसरल्या. "काल गल्ली गोळा झाली, बाई! पोलीस कशाला आले म्हणून इचारत होते. माझ्या पोरीची सोयरीक जुळायलीय, तुमाला कळतंय का न्हाय?"

आत त्यांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मंगल शेजारी बसून गुंतलेलं सूत सोडवू लागली. बऱ्याच वेळानं त्यानंही एक टोक हातात धरलं. मग गोळी घेतली.

"हे कोण?" त्यानं साहेबांकडे बघून विचारलं.

"मी... मंगलचा मामा."

"मामा लई घामाघूम झालेत. पाणी द्या की त्यांना."

आक्का डोळ्याला पदर लावत उठल्या. आजारी पडल्यापासून त्यानं कुणाची अशी विचारपूस केली नव्हती.

साहेब पाणी प्यायले. बाहेर आल्यावर म्हणाले, "स्टायपेंड चालू राहील." मी बावळट, आनंदानं घरी जाऊन शिरा केला.

पुढे सर्क्युलर आलं. तपासणीत अडचण येऊ नये म्हणून यापुढे प्रत्येक गृहभेटीची खात्री दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी करावी. खाली सही आमच्या मामांची!

मंगल शिकली, नोकरीला लागली. मी मात्र ते सर्क्युलर रद्द करून घेण्यासाठी अर्ज खरडत राहिले. त्यानंतर इन्स्पेक्शनला कुणीही आलं, की मी आधी त्यांना पायी हिंडवायची. आणि हिंडून आल्यावर काही नवीन सुचायच्या आत स्टेशनवर पोचवून यायची.