शेजारणीकडे राहिलेलं विरजण

अमेरिकेतलं घर विकायचं ठरलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "सह्या इथूनही होतात. तू तिकडे जाऊन काय करणार आहेस?" मी म्हटलं, "विरजण आणायचंय." ते चष्मा पुसत बसले. कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरच डेअरी आहे. विरजणासाठी सातासमुद्रापार निघालेली बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली.

त्याचं असं झालं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी हूल उठली होती, तेव्हा ते निस्तरायला पुण्यातून ढिगाने माणसं तिकडे गेली. त्यात हे. सहा महिने म्हणाले होते, राहिलो अकरा वर्षं. निघताना कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आईने माझ्या हातावर दही ठेवलं. निघणाऱ्याने ते चाटायचं आणि मागे न बघता उंबरा ओलांडायचा, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो. शिवाय तिने आपल्या दह्यात एक स्वच्छ रुमाल बुडवून सावलीत वाळवला होता. तो घडी घालून पिशवीत दिला. "कोमट दुधात टाक, दही लागेल. तिकडचं दही म्हणजे नुसती खळ." हे तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे. ती स्वतः मंडईच्या पलीकडे फारशी गेली नव्हती.

दही लागलं, आणि झकास लागलं. त्यातलं चमचाभर रोज उद्याच्या दुधासाठी बाजूला काढायचं, असं करत अकरा वर्षं मी ते मोडू दिलं नाही.

चौथ्या वर्षी आई गेली. भावाचा फोन दुपारी आला. मी स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनपाशी उभी होते. आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा कचेरीत अडकला होता, आणि वकील म्हणाला, आत्ता देश सोडलात तर अर्ज बाद. हे म्हणाले, "तू ठरव." मी ठरवलं, गेले नाही. त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाच्या पदरात टाकायची सोय राहिली नाही. ते कार्ड पुढे मिळालं, आणि भारतात परतताना आम्ही ते परतही करून टाकलं. घ्या आता.

त्या दुपारी मी रडले नाही. दूध तापलं होतं, ते उतरवलं, निवू दिलं आणि विरजण लावलं. आईच्या हातचं म्हणून तेवढंच माझ्याजवळ होतं.

परतलो ते घाईघाईत. ह्यांची कंपनी एका आठवड्यात बंद झाली. घर भाड्याने दिलं. कुकरच्या जास्तीच्या रिंगा मी आठवणीने बॅगेत टाकल्या, पण विरजणाचा रुमाल करायला दोन दिवस लागतात आणि ते दोन दिवस मी गालिचा घासत बसले होते. भाडेकरू काय म्हणतील, हिंदुस्थानी लोक घर घाण ठेवून गेले! नाक वर ठेवण्याच्या नादात रुमाल राहिला. शेवटच्या सकाळी दह्याचं भांडं उचललं आणि शेजारणीला नेऊन दिलं.

शेजारीण शाळेची बस चालवायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, एकटीच राहायची. दही लावायला मीच तिला शिकवलं होतं आणि ते कोणाचं, हेही सांगितलं होतं. "सांभाळशील ना?" म्हटलं, तर म्हणाली, "पोटच्या पोरासारखं." दर नाताळला तिचं कार्ड यायचं, त्यात शेवटी ठरलेली ओळ असायची. तुझं दही मजेत आहे. मी ती कार्डं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. लोक हसायचे. हसू देत.

तर मी गेले. सह्या एका सकाळी उरकल्या. मग रिकाम्या घरातून हिंडून आले. स्वयंपाकघराला भाडेकरूंनी पिवळा रंग दिला होता, आणि फोन होता तिथे भिंतीत चार भोकं राहिली होती. मला वाटलं होतं, गलबलून येईल. काही आलं नाही. कुलूप लावलं आणि शेजारी गेले. पर्समध्ये लक्ष्मी रोडवरून मुद्दाम घेतलेला कोरा सुती रुमाल होता.

तिने कॉफी केली, केक कापला. माझे गुडघे, तिचा खुबा, सगळं बोलून झालं. मग मी रुमाल काढून टेबलावर ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"ते गेलं," ती म्हणाली. "तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी. माझं खुब्याचं ऑपरेशन झालं, दीड महिना मी घरी नव्हते. आले तर भांड्यात बुरशी."

"आणि ती कार्डं?"

"ते तुझ्या आईचं होतं. मला कसं लिहवणार होतं तसं?"

राग आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मला झुलवत ठेवलंस, असं अगदी ओठावर आलं होतं. पण तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. त्या फोनच्या दुपारी यायला हवं होतं ते आत्ता आलं, परक्या टेबलाशी, केकची बशी पुढ्यात असताना. "आई गेली गं," मी म्हणाले, मराठीत. तिला मराठीचा गंध नाही. तिने खुर्ची जवळ ओढली आणि त्याच कोऱ्या रुमालाने माझं तोंड पुसलं. आणलेला रुमाल निदान त्या कामाला तरी आला.

मग तिच्याकडेच राहिले. चौथ्या दिवशी टॅक्सी दारात आली. शेजारीण काठी टेकत अंगणातून आली, हातात प्लास्टिकचा डबा आणि चमचा. हे मुलाखतीला निघाले की मी दारात त्यांच्या हातावर दही द्यायचे, ते तिने पाहिलं होतं, मागाहून खोदून खोदून विचारलंही होतं. "नातवाला ड्रायव्हिंगच्या परीक्षेच्या दिवशी असंच दिलं. पास झाला," ती म्हणाली. "हात पुढे कर."

दही दुकानातलं, गुलाबी, स्ट्रॉबेरीचं. आई असती तर म्हणाली असती, "हे दही आहे का दंतमंजन?"

मागे आईने दिलेलं दही मी नीट चाटलं होतं आणि तरी वेळेवर परत आले नव्हते. त्यात दह्याचा काही दोष नव्हता. आता तर परत यायला तिथे घरच उरलं नव्हतं, आणि आम्हा दोघींच्या वयाकडे बघता पुन्हा भेट होणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"चाट," ती म्हणाली, "आणि मागे बघायचं नाही. तूच शिकवलंयस."

मी चाटलं, टॅक्सीत बसले, आणि मागे वळून बघितलं. ती चमचा हातात धरून अजून तिथेच उभी होती.