सावळीरामची फळी आणि काचेची पाटी

"पायाला डोळे नसतात," हे सावळीदादाचं कायमचं बोलणं. गिटारवाल्याचे दोन्ही हात तारांवर असतात, नजर गाणाऱ्याच्या तोंडाकडे असते, आणि आवाज बदलायचं काम उरतं ते पायाला. त्या आंधळ्याला चाचपडून कळलं पाहिजे, असं तो म्हणायचा, आणि आम्ही माना डोलवायचो.

सायखेड्यात त्याचं फवारणी पंप दुरुस्त करायचं दुकान. लग्नसराईत तो आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मी त्याच ऑर्केस्ट्राचा निवेदक. बावीस वर्षं वादकांची ओळख करून देताना मी त्याचंच नाव पहिलं घेतलं. त्याच्या पायापुढे सागाची एक फळी असायची. तिच्यावर स्क्रूने घट्ट आवळलेले पाच लोखंडी डबे. त्यांना पेडल म्हणतात. एक दाबला की गिटार गुरगुरायचं, दुसरा दाबला की आवाज विहिरीत पडल्यासारखा घुमायचा. प्रत्येक बटणावर त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, एक गोल, एक टोकदार, एक नुसती पट्टी. अनवाणी तळव्याला कोणतं बटण ते न बघता कळायचं. ती फळी एकदा टेम्पोतून रस्त्यावर पडली, एकदा गोदावरीच्या पुरात दुकानासकट दोन दिवस बुडाली. त्याने ती उन्हात वाळवली आणि तिसऱ्या दिवशी वाजवली. त्याला तिचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

यंदा इंदिरानगरचा दिनेश आमच्यात आला. जेमतेम पंचविशीचा, बोलायला गोड. त्याने पिशवीतून एक काळी, चपटी पाटी काढली. वरच्या अंगाला काच, खालच्या अंगाला बटणांची एक रांग. काचेवर बोट टेकवलं की पेडलची चित्रं उमटायची, बोटाबरोबर सरकायची. शंभरावर आवाज त्या एका पाटीत. ढोलकीवाला मंगळू आणि गायिका स्नेहा दोघंही तिच्यावर वाकले. सावळीदादा लांब बसून फडक्याने आपली फळी पुसत राहिला. फळी आधीच स्वच्छ होती.

शेवटी न राहवून तो म्हणाला, "आन् त्या काचेवर पाय पडला तर?"

"पाय खालच्या बटणांवर द्यायचा, दादा. काचेला बोट लावायचं."

"म्हंजे वाजवता वाजवता वाकायचं? गिटार वाजवायचं का कांदे लावायचे रे?"

सगळे हसले. दिनेशही हसला. मग त्याने गिटार गळ्यात घातलं आणि चार ओळी वाजवल्या. हसू थांबलं. इतका भरलेला, इतका स्वच्छ आवाज आमच्या तालमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये कधी घुमला नव्हता. मी सावळीदादाकडे पाहिलं. शेजारच्या मळ्यात पाणी आल्याचं ऐकून आपल्या पाटाच्या कोरड्या चारीकडे बघावं, तसा तो फळीकडे बघत होता.

आमचे मालक मल्हारी अण्णा. त्यांनी तिथेच सांगून टाकलं, "आडगावच्या लॉन्सवर हळदीच्या कार्यक्रमाची सुपारी हाय. तिथं दोघं वाजवा. पुढचं पहिलं गिटार कोनाचं आन् मागून साथीचं दुसरं कोनाचं, ते त्याच दिवशी ठरवू."

त्यानंतरचे पंधरा दिवस सावळीदादा त्या पाटीच्या खोडी काढत राहिला, नव्या सुनेच्या काढाव्यात तशा. उन्हात काचेवर काही दिसत नाय. घामेजलं बोट तिला कळत नाय. पंप उघडून बसला असताना मधेच म्हणायचा, "काच ती काच." मी हो म्हणायचो. माझ्या हो म्हणण्याने त्याचं समाधान होत नव्हतं.

हळद दुपारी चारला होती. मे महिन्याचं ऊन तिरपं होऊन थेट स्टेजवर आलं होतं. दिनेशने पाटीवर छत्री धरली, तरी काच आरशासारखी चमकत होती. आमच्याकडे कार्यक्रमाआधी वाद्यांची पूजा होते, आणि नारळ वाढवायचा मान वयाने मोठ्या वादकाचा. तो मान सावळीदादाचा. नारळ वाढवला की करवंटीतल्या पाण्यात बोटं बुडवून प्रत्येक वाद्यावर थेंब थेंब शिंपडायचं, इतकंच असतं.

त्याने ढोलकीवर शिंपडलं, की-बोर्डवर शिंपडलं, आपल्या फळीवर शिंपडलं. पाटीपाशी मात्र तो वाकला आणि त्याने करवंटीच कलती केली. पाण्याची धार काचेवरून आडवी गेली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. दिनेश हात जोडून उभा होता. "दादा, जरा..." एवढंच म्हणाला आणि थांबला. पूजेच्या पाण्याला नको कसं म्हणायचं?

पहिल्याच गाण्यात पाटी बिथरली. पाण्याचे थेंब तिला बोटंच वाटत होती. आवाज आपोआप बदलायला लागले. नवरीला हळद लागतेय आणि गिटार कुत्र्यासारखं गुरगुरतंय. दिनेश बाहीने काच पुसायला गेला, तर पुसण्यानेही चित्रं सरकली. दोनशे पाहुण्यांसमोर तो गुडघ्यावर बसला. मागून कुणीतरी ओरडलं, "बॅटरी बदला ऽऽ!"

सावळीदादा वाजवत होता. त्याचा पाय एकदाही चुकला नाही, आणि त्याच्या तोंडावर मला एक समाधान दिसलं, जे बघायला मला आवडलं नाही.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर दिनेशने एक कळ दाबून धरली आणि काच बंद केली. खालची बटणं चालू होती. तो उभा राहिला आणि नुसत्या पायांनी वाजवत गेला. दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं. पण शेवटच्या गाण्यातला त्याचा तुकडा असा आला, की वाढपीसुद्धा हातातली भांडी धरून उभे राहिले.

सहाच्या सुमारास अण्णा वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "यंत्र भरवशाचं नाय, दिनेश. सावळीराम, पहिलं गिटार तुझंच."

 दिनेश पाटी पुसत सावळीदादाजवळ आला.

"दादा, ते ट्यूबचे तुकडे माझ्याही बटणांवर चिकटवून द्याल का? पायाला कळत नाही."

सावळीदादाने ओठ दाबले. मग अण्णांकडे वळून म्हणाला, "पानी म्या वतलं. मुद्दाम."

अण्णांचे हात थांबले. "देवाच्या नारळाचं?"

"व्हय."

"मला माहीत होतं," दिनेश म्हणाला. "मी बघितलं."

"मंग बोलला का नाय?"

"नारळ तुमच्या हातात होता, दादा."

सावळीदादाने खिशातली ट्यूबची गुंडाळी काढली, कात्रीने तीन तुकडे कापले आणि दिनेशच्या हातावर ठेवले. "चिटकव तुझा तू. मला त्या पाटीला हात लावायचा नाय." मग पाटीकडे बघत म्हणाला, "एवढं पानी पिऊन बी वाजली. आन् आवाज चांगलाच हाय तिचा. मला त्येच सोसत नाय. अण्णा, पहिलं गिटार याला द्या."

"आन् तू?"

"मला दुसरं वाजवता येत नाय," तो म्हणाला.

त्याने फळी गोणपाटात गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि हळद सांडलेल्या गालिच्यावरून अनवाणीच चालत निघाला. चपला हातात होत्या. फाटकापाशी तो चपला घालायला थांबला, मागे मात्र वळला नाही, आणि हायवेच्या बाजूला गेला. अण्णांनी वायरीतून मान वर केली नाही. दिनेश मुठीत रबर धरून स्टेजच्या कडेला उभा राहून बघत होता, आणि त्याच्यामागे मी.