काशाची वाटी आणि माईंचे तळवे

अकोल्याच्या माईंनी मला थारा दिला, हे आधी सांगते. नवरा इथल्या कापसाच्या जिनात कामाला, म्हणून मी रत्नागिरीकडून इतक्या लांब आले. तो तापाने गेला. माझी शाळा तिसरीत सुटलेली, माहेरी कोणी उरलेलं नाही — जायचं कुठे? माईंनी हाताला धरून पाटावर बसवलं. "जेव आधी. मंग रडजो." त्या ताटावर मी जगले. आणि त्याच माईंशी मी जे केलं, ते आजवर कोणापाशी बोलले नाही.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या सुमाराला माईंच्या डोक्यात गाठ निघाली. मुंबईला नेऊन किरणांचे शेक दिले. परत आल्या त्या केस जागोजागी गेलेले, टाळू भाजल्यासारखी. वास म्हणून सोसेना — फोडणी पडली की उलटी. झोप तर नाहीच. डोक्याला तेल लावायची डॉक्टरांची मनाई. मग त्यांचे चिरंजीव, नामदेवदादा, अमरावतीच्या वैद्यांकडे गेले. वैद्य म्हणाले, गाठीचं डॉक्टर पाहतील, माझ्याकडे त्याचं औषध नाही. पण तळपायांना साजूक तूप लावून काशाच्या वाटीने घासा, जिवाला गारवा मिळेल. ते काम माझ्याकडे आलं.

आणि लागायची हो झोप! दुपारी वाटी फिरवता फिरवता माईंचा श्वास संथ व्हायचा. तूप काळं पडायचं. घरचे म्हणायचे, उष्णता निघाली.

पण शेजारच्या काशीबाईने एकदा माझे हात पाहिले. "काहून वं, तुले भेव नाही वाटत? तो रोगच उतरून राहिला तुया हातात."

मी हसले. पण मग राखेने, चिंचेने हात घासत सुटले. जरा डोकं दुखलं की वाटायचं — चढला रोग.

मग काय केलं? — तिथे यायलाच तर एवढी फिरते आहे. कंदिलाच्या काचेची काजळी तुपात कालवली, फडक्याने माईंच्या तळव्यांना फासली, आणि वाटी नुसती शेजारी ठेवली. दादा येऊन तळवे पाहायचे. "लय उष्णता निघाली आज," म्हणत समाधानाने जायचे.

माईंची झोप गेली. उलट्या वाढल्या. सगळे म्हणाले, शेकाचाच परिणाम. मीही म्हटलं — मीसुद्धा!

एका दुपारी फडकं घेऊन बसले, तर माईंनी पाय चादरीत ओढून घेतले. हळूच म्हणाल्या, "घासलेटाचा वास येते, पोरी. मले सोसत नाही. ते नोको लावू."

तेवढ्यात दादा दारात. "मा, घासणं झालं का? आराम पडते का?"

"पडते ना," माई म्हणाल्या. "हिचे हात लय गुणाचे हायेत."

त्या दिवशी तरी वाटी उचलायची की नाही? नाही उचलली. चुलीपाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मनगट दुखतं म्हणाले. माईंनी तेही खरं मानल्यासारखं केलं. दिवाळीच्या आत त्या गेल्या.

तेराव्यानंतर भांडी घासताना ती वाटी हाती आली. माझ्याच पायाला तूप लावून घासून पाहिलं. काळं पडलं. माझा धडधाकट पाय, तरी काळं! कोणाचाही पाय घासा, काशाने तूप काळंच होतं.

हे आधी कळतं तर मी भ्याले नसते, असं म्हणणार नाही. रोग खरंच चढणारा असता, तरी त्या पायांना हात लावायचा तो मीच — दुसरं कोण?

वाटी मी दादांकडून मागून घेतली. चिंचेने लख्ख ठेवते. माई, तुमचे तळवे घासायचे राहिलेत माझ्याकडून. जिथे कुठे भेटाल, तिथे आधी पायांशी बसेन. वाटी घेऊनच येईन.