भगाचे घोडे आणि घटसर्पाचं औषध

वर्षाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या पसरत होते. दोन्ही हात तिखटानं माखलेले, म्हणून फोन पदरानं उचलला आणि खांद्यानं कानाशी दाबला. "आत्या, पप्पा गेले," ती म्हणाली. मी म्हटलं, "कुठे गेले?" ... खरंच, असं विचारलं मी. सरकारी दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढलेली बाई मी, कितीतरी घरच्यांना ही बातमी माझ्याच तोंडानं सांगितलेली, आणि माझ्यावर वेळ आली तर साधं वाक्य कळेना! हात तसले, डोळे पुसायचीही सोय नाही. शेजारीण तिच्या गच्चीवरून म्हणाली, मिरची लागली वाटतं. मी म्हटलं, हो.

महिना उलटला. आता लिहायला बसले ते थोडं रागानंच. भगवान पाटील, म्हणजे वर्षाचा बाप, गेला तेव्हा कुठे कुठे दोन ओळी छापून आल्या, त्यात 'घोड्यांचे डॉक्टर' एवढंच. अरे, असं कसं? घोड्यांचा डॉक्टर तो होताच, पण त्याचे घोडे टांग्याचेही नव्हते आणि वरातीचेही नव्हते. घटसर्प झालेल्या पोराचा घसा बंद व्हायच्या आत औषधाची बाटली त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे, एवढी एकच गोष्ट या माणसानं जन्मभर धरून ठेवली. घोडे त्यासाठी होते.

आम्ही एका गल्लीतले, तापीकाठचे, सारंगखेड्याजवळचे. त्यांच्या घरात गुजरी बोलायचे, गल्लीत आमच्याबरोबर अहिराणी. तो मला मंगू म्हणायचा, मी त्याला भगा. तो जनावरांचा डॉक्टर झाला आणि शहरातल्या एका लस बनवणाऱ्या संस्थेत लागला. पहिल्याच वर्षी संस्थेनं त्याला सारंगखेड्याच्या यात्रेत, औषधासाठी रक्त देणारे घोडे निवडायला पाठवलं. मी आईबरोबर यात्रेला गेलेली. बघते तर हा एका तपकिरी घोड्यापाशी उभा. पाय धड, दात धड, डोळा स्वच्छ. सगळं तपासलं आणि मान हलवून पुढे चालायला लागला. का, तर घोड्याच्या डोळ्याखाली, आसू ओघळतं त्या जागी, केसांचा भोवरा! आमच्याकडे घोडा घेताना आधी अंगावरचे भोवरे बघतात. गळ्यावरचा शुभ, डोळ्याखालचा अशुभ, तो मालकाला रडवतो म्हणतात. भगाच्या वडिलांनी त्याला हे लहानपणीच घोटून दिलेलं.

मला हसू आवरेना. "डॉक्टर व्हयना आनि भवरा मोजी ऱ्हायना! काय रे, रगतमा भवरा ऱ्हास का?"

"तुले काय समजस त्यामा?" असं म्हणून तो तरातरा निघून गेला. पण संध्याकाळी परत आला, मान खाली घालून, आणि तोच घोडा निवडला. विकणारा बिचारा प्रामाणिक, त्यानंच सांगितलं की साहेब, असलं जनावर मालकाला बुडवतं, त्याचं घर बसतं. भगा म्हणाला, "घोडाना मालक सरकार शे. त्यानं घर कसं बठी?" त्या घोड्याचं नाव त्यानं राजा ठेवलं. पुढे औषधाच्या कामात राजानं संस्थेतल्या बाकी घोड्यांना मागे टाकलं, आणि भगा दरवर्षी यात्रेत कोणी हात लावत नाही असे भोवऱ्याचे घोडेच आधी बघायला लागला. आपण किती मोठी चूक करणार होतो हे तो चारचौघांत स्वतः सांगायचा. असं सांगणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत.

घोड्यांचं काय करतात, हे त्यानं मला एकदा ओट्यावर बसून समजावलं. घटसर्पाचे जंतू घशात बसतात, पण जीव घेतं ते त्यांचं विष. ते विष निकामी करून घोड्याला टोचतात, अगदी थोडं थोडं. घोड्याला काही होत नाही, पण त्याचं रक्त त्या विषाला धरायला शिकतं. त्या रक्तातून औषध काढतात. "लस म्हनजे पोरानं सोता शिकनं," तो म्हणाला, "आनि हाई औषध म्हनजे घोडानं शिकेल उसनं आननं." उसनं कशाला, तर आजारी पोराला शिकायला वेळच नसतो. विष एकदा हृदयात शिरलं की औषध दाराबाहेर हात जोडून उभं. म्हणून घाई.

ही घाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिली ती रुमलीच्या वेळी. तळोद्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात होते मी तेव्हा. रायसिंग नावाचा सातपुड्यातला शेतकरी आपल्या पाच-सहा वर्षांच्या पोरीला, रुमलीला, जीपमधून घेऊन आला. मान सुजून खांद्याएवढी झालेली, घशात राखाडी पडदा. ऊसतोडीला गुजरातेत जाणारं कुटुंब. लस द्यायला आम्ही पाड्यावर जायचो तेव्हा ही माणसं तिकडे, आणि ही परत यायची तेव्हा आमची फेरी संपलेली. पोरीचे सगळे डोस राहून गेलेले. आणि औषध? आमच्याकडे नाही. जवळपास फोन केले, कुठेच नाही. मी भगाला फोन लावला, आणि खोटं कशाला बोलू, रडले. तो फक्त म्हणाला, "पोरगी श्वास घेई ऱ्हायनी ना? मंग मी निंघस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जीपमधून उतरला. संस्थेतून रीतसर कागद करून आणलेला, मांडीवर बर्फाचा डबा, आणि वाटेत कोणाला तो डबा धरूसुद्धा दिला नव्हता. डॉक्टरांनी आधी थेंबभर टोचून अंगाला चालतं का ते पाहिलं, मग औषध दिलं. भगा वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसला. चहा दिला तो तसाच थंड झाला. पुढच्या दोन दिवसांत पडदा सुटायला लागला, पोरीनं पाणी गिळलं... आणि तिची आई जी ओरडली, आनंदानं, की सगळा वॉर्ड धावत आला.

इथंच संपलं असतं तर किती बरं. आठवडा-दीड आठवड्यानं रुमलीच्या अंगावर गांधी उठल्या, ताप, सांधे धरलेले. घोड्याचं रक्त माणसाच्या शरीराला परकं, कधी कधी ते असं उलटतं. आम्हाला माहीत होतं आणि ते बरंही झालं. पण पाड्यावर बोलणं सुरू झालं की पोरीच्या अंगात घोडा शिरला. भगा पुन्हा आला, रायसिंगसमोर बसला आणि दवाखान्यातल्या मावशींना त्यांच्या पावरी बोलीत सांगायला लावलं: चूक पोरीची नाही, घोड्याचीही नाही, आमचं औषधच अजून कच्चं आहे. परत जाताना स्टँडवर मला म्हणाला, "मंगू, माणूसले माणूसनंच औषध पाहिजे. घोडाले बी सुटका पाहिजे."

आणि पंचेचाळिशीला टेकलेला हा माणूस पुन्हा शिकायला बसला. माणसाच्याच अँटिबॉडी, घोड्याशिवाय, स्टीलच्या मोठ्या भांड्यात पेशी वाढवून तयार करायच्या, असं काम करणाऱ्या गटात तो गेला. तिथली पोरं त्याच्या वर्षाच्या वयाची. सुरुवातीला हसायची म्हणे, काका आले तबेला सोडून. पण विष किती, ते धरायला औषध किती, हा हिशेब त्याच्याइतका कोणाच्या हातात बसलेला नव्हता. हळूहळू तीच पोरं त्याच्या टेबलाशी येऊन बसायला लागली.

मधली एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच वर्षी पिकं निघाल्यावर रायसिंग ज्वारीचं छोटं गाठोडं घेऊन माझ्याकडे आला. डोंगरात नवं धान्य आधी देवाला दाखवतात, मगच घरात खातात. रायसिंगचं म्हणणं, यंदा पहिला वाटा घोड्याचा. घोड्यानं खाल्ल्याचा निरोप येईपर्यंत त्याच्या घरात नव्या ज्वारीची भाकरी होणार नव्हती! मी कपाळावर हात मारला. भगा तर आणखी पेचात, कारण औषधाच्या घोड्यांना बाहेरचा एक दाणा चालत नाही, आणि 'खाल्लं' म्हणून खोटं सांगणं त्याच्या जिभेला जमणारं नव्हतं. "अरे, टाक ना कुठे, कोण बघतंय?" मी म्हटलं. "लोके ज्वारी सोडीन बसेल शेतस आनि तू असं बोलस?" तो माझ्यावर खेकसला. शेवटी त्याला राजा आठवला. म्हातारा झालेला, रक्त घेणं कधीच थांबलेलं, माळावर नुसता चरायचा. त्याला नियम लागू नव्हता. रुमलीच्या बाटलीत राजाचं काहीच नव्हतं, बाटलीत एका घोड्याचं नसतंच म्हणे, बऱ्याच घोड्यांचं एकत्र असतं. रायसिंगला हेही सगळं खरं खरं सांगितलं आम्ही. तो म्हणाला, म्हातारा असेल तर चांगलंच, घरातही म्हाताऱ्यालाच आधी वाढतात. ज्या दिवशी राजानं ओंजळभर ज्वारी खाल्ली, त्या दिवशी भगाचा फोन येताच मी तळोद्याहून निघणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप धाडला. संध्याकाळी पाड्यावर भाकरी झाल्या.

शेवटची भेट त्याच्या घरी, केळीच्या बागेच्या बांधावर. हृदय थकलेलं, दोन वाक्यांत दम लागायचा. मी विचारलं, तुझं ते बिनघोड्याचं औषध कधी येणार? म्हणाला, तपासण्या चालू आहेत, आशा आहे, आत्ताच गुलाल उधळू नको. मी निवृत्तीनंतरही, माणसं ऊसतोडीला निघायच्या आधी, पाड्यांवर पोरांना गाठून डोस द्यायच्या कामात जाते, त्यामुळे माझाही तोरा कमी नाही. म्हटलं, "आम्ही सगळ्यांना लस दिली तर तुझ्या औषधाला कोण विचारतो?" वाटलं, भडकेल. तर हसला. "तुन्हं काम पुरं व्हवाले पाहिजे," तो म्हणाला, "आनि मन्हं काम तयार ऱ्हावाले पाहिजे." मग दम खाल्ला... आणि केळी तोडून दिली.

परवा मी बीपीच्या गोळ्या आणायला माझ्या जुन्या रुग्णालयात गेले. औषधं देणारा फार्मासिस्ट मुदत संपलेला माल काढून ठेवत होता. "सिस्टर, घटसर्पाच्या दोन्ही बाटल्या वाया गेल्या बघा," तो चुकचुकत म्हणाला. "पूर्ण मुदतीत एक पेशंट आला नाही." रुमलीनंतर इथे कायम ठेवलेल्या त्या दोन बाटल्यांकडे मी बघतच राहिले. वाया म्हणे! मी त्याला काही बोलले नाही, बाहेर बाकावर येऊन बसले आणि सवयीनं भगाचा नंबर लावला. रिंग वाजल्यावर भानावर आले, पण तोवर वर्षानं उचलला होता. तो फोन तिनं अजून चालू ठेवलाय. मी सांगितलं, "वर्षा, औषध वापरावं लागलं नाही गं. एकदाही नाही."

रुमलीपासून पुढे दरवर्षी भगा मला याच गोष्टीसाठी फोन करायचा, आणि बाटली वापरली नाही म्हटलं की त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, नव्या बाटलीचा. वर्षा शहरात वाढलेली, तिच्या तोंडून मी कधी अहिराणी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली.

"आत्या... नवी उनी का?"

मी उठले, आत जाऊन फ्रीज उघडायला लावला, आणि डोळ्यांनी बघूनच सांगितलं, "उनी, माय. दोन्ही उनी."